नव्या समाजमाध्यमाचे प्रथमदर्शन : शिक्षकाने काय पाहावे?

नवीन वस्तू प्रथम दृष्टीस पडते तेव्हा तिचे बाह्य रूपच मनात भरते, हा मनुष्यस्वभाव आहे. बैलबाजारात गेलेला जाणता शेतकरी मात्र रंगविलेल्या शिंगांना व झुलीला भुलत नाही. तो जनावराचे तोंड उघडून दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो. आणि मालक ते का विकतो आहे, याची चौकशी शेजारच्या दावणीवर करतो. समाजमाध्यमाची नवी सेवा हाती आली म्हणजे शिक्षकाने याच शेतकऱ्याची दृष्टी ठेवावयास हवी. कारण शिक्षक अशा सेवेत एकटा जात नाही. त्याच्या मागोमाग शाळेची छायाचित्रे जातात, मुलांची नावे जातात, आणि 'गुरुजी त्यावर आहेत' एवढ्याच भरवशावर गावातील पालकही जातात.

अशा सेवांचा आजवरचा इतिहास थोडक्यात ध्यानी घेतला, तर प्रथमदर्शनावर किती विसंबावे हे कळून येते. गूगल कंपनीची ऑर्कुट ही सेवा जानेवारी २००४ मध्ये सुरू झाली व भारतात अतिशय लोकप्रिय झाली. आज चाळिशीत असलेल्या अनेक शिक्षकांना तिची आठवण असेल. ती ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद करण्यात आली. त्याच कंपनीने जून २०११ मध्ये गूगल प्लस ही दुसरी सेवा काढली. पहिल्या काही आठवड्यांतच तीत एक कोटीहून अधिक लोक दाखल झाले आणि तिच्या स्वच्छ, नीटस मांडणीचे फार कौतुक झाले. परंतु ऑक्टोबर २०१८ मध्ये कंपनीने स्वतःच जाहीर केले की, तेथे येणाऱ्यांच्या शंभरपैकी नव्वद भेटी पाच सेकंदांच्या आतच संपतात. आणि एप्रिल २०१९ मध्ये सामान्य लोकांसाठी ती सेवाही थांबली. भारतीय भाषांसाठी म्हणून २०२० साली पुढे आलेली 'कू' ही सेवा मराठीतही लिहू देत असे. तिच्या पिवळ्या पक्ष्याचे स्वागत उत्साहाने झाले. जुलै २०२४ मध्ये तिच्या चालकांनी ती बंद करीत असल्याचे जाहीर केले. तिन्ही सेवांचे प्रथमदर्शन चांगलेच होते. पहिल्या दिवशी जे दिसले त्यात पुढे काय होणार याची खूण नव्हती, असे म्हणता येईल. किंवा खूण होती, पण ती कोणी पाहिली नाही, असेही म्हणता येईल.

प्रस्तुत लेखात मास्टोडॉन ही सेवा नमुन्यादाखल घेतली आहे. ती सर्व शिक्षकांनी वापरावी असा आग्रह नाही. तिची घडण नेहमीच्या सेवांहून निराळी असल्यामुळे तिच्या सान्निध्यात नेहमीच्या सेवांमधील अंगवळणी पडलेल्या गोष्टी एकाएकी डोळ्यांत भरतात, एवढाच हेतू आहे. दुसऱ्या गावच्या लग्नाला गेल्यावर आपल्या गावच्या रीती जशा ध्यानात येतात, तसेच हे आहे.

मास्टोडॉन हे हत्तीसारख्या दिसणाऱ्या एका प्राचीन, आता नामशेष झालेल्या प्राण्याचे नाव आहे. ऑयगेन रोख्को या जर्मनीतील तरुण संगणकतज्ज्ञाने २०१६ साली ही सेवा सुरू केली. हत्तीच्या चीत्कारावरून तीवरील संदेशास इंग्रजीत 'टूट' म्हणत. पुढे २०२२ साली कळीवरील हा शब्द काढून त्या जागी 'प्रसिद्ध करा' अशा अर्थाचा साधा शब्द घालण्यात आला. संदेशाची नेहमीची मर्यादा ५०० अक्षरचिन्हांची आहे. ट्विटरवर ती आरंभी १४० व २०१७ पासून २८० होती, हे लक्षात घेतल्यास मराठीत दोन वाक्ये अधिक लिहिण्याची सोय येथे आहे, हे दिसून येईल.

तिचे मुख्य वैशिष्ट्य समजावून घेण्यास डाकेचे उदाहरण सर्वांत उपयोगी आहे. पंढरपुरास टाकलेले पत्र लंडनला पोहोचते. पण भारताचे डाकखाते व इंग्लंडचे डाकखाते यांचा मालक एक नाही. १८७४ साली बर्न येथे झालेल्या करारातून राष्ट्राराष्ट्रांमध्ये टपालाचे समान नियम ठरले. त्या नियमांवर प्रत्येक देशाने आपापले डाकघर चालवावे, आणि दुसऱ्याचे पत्र आपल्या गावी पोहोचवावे, अशी ती व्यवस्था आहे. मास्टोडॉनची रचना याच तत्त्वावर आहे. हजारो लहानमोठे संगणक, ज्यांना सर्व्हर म्हणतात, निरनिराळ्या व्यक्ती व संस्था आपापल्या खर्चाने चालवितात. प्रत्येक सर्व्हरचे नियम निराळे, व्यवस्थापक निराळा. परंतु एका सर्व्हरवरील मनुष्य दुसऱ्या सर्व्हरवरील मनुष्याचे लेखन वाचू शकतो व त्यास उत्तर देऊ शकतो. या देवघेवीचे समान नियम 'ॲक्टिव्हिटीपब' या नावाने प्रसिद्ध असून जागतिक जालाची मानके ठरविणाऱ्या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्यांस मान्यता दिली. याउलट फेसबुक किंवा आजचे एक्स हा एकच मोठा वाडा आहे. त्यात कोट्यवधी बिऱ्हाडे राहतात, पण दिंडीदरवाजाची किल्ली एकाच मालकाच्या कनवटीला आहे.

आता पहिल्या दिवसाचा अनुभव पाहू. नवागतास प्रथम कोणत्या सर्व्हरवर खाते उघडावे असा प्रश्न विचारला जातो, आणि येथेच पुष्कळजण गोंधळून परत फिरतात. ज्यास नुकतेच नाव नोंदवावयाचे आहे त्यास आधी पंचवीस डाकघरांतून एक निवडा म्हणणे हे स्वागताचे लक्षण नव्हे, ही टीका रास्तच होती. पुढे चालकांनी अधिकृत ॲपमध्ये एक सर्व्हर आधीच सुचविण्यास प्रारंभ केला. खाते उघडल्यावर दुसरा धक्का बसतो. पडदा जवळजवळ रिकामा असतो! कोणी ओळखीचा नाही, नाचगाणे नाही, भांडण नाही, जाहिरात नाही. आपण ज्यांचे लेखन वाचू असे ठरवू, तेवढ्यांचेच लेखन येते; आणि तेही ज्या क्रमाने लिहिले गेले त्या क्रमाने, सर्वांत ताजे सर्वांत वर.

बहुतेक नवागतांचे प्रथम मत 'हे ठिकाण ओस आहे' असेच पडते. शिक्षकाने मात्र येथे थांबून उलट प्रश्न विचारावा : इतर सेवांचा पडदा पहिल्याच मिनिटास भरलेला कसा असतो? तो कोण भरतो? त्याचे उत्तर असे की, तेथे एक गणितयंत्रणा प्रत्येकाच्या बोटाच्या हालचालीवर लक्ष ठेवून असते. कोणते चित्र किती वेळ पाहिले, कशावर थांबले, काय वगळले, याची नोंद घेऊन ज्यायोगे मनुष्य अधिक वेळ खिळून राहील असे पुढचे ताट वाढते. राग आणणारी गोष्ट मनुष्यास खिळवून ठेवते; म्हणून तीही ताटात येते. मास्टोडॉनवर एखाद्या लेखनास 'आवडले' अशी खूण केली तर ती लेखकास कळते. त्या खुणेमुळे ते लेखन आपले लेखन वाचणाऱ्यांच्या मुख्य पडद्यावर ढकलले जात नाही. ते पुढे न्यावयाचे तर कोणा माणसाने जाणूनबुजून 'पुढे पाठवा' ही कळ दाबावी लागते. दुसऱ्याचे वाक्य उद्धृत करून त्यावर शेरा मारण्याची सोयही येथे दीर्घकाळ मुद्दाम ठेवलेली नव्हती, कारण तिचा उपयोग चारचौघांत टोमणे मारण्यासाठी होतो असे कर्त्याचे मत होते. ती सोय २०२५ साली आली, तीदेखील आपले लेखन कोणी उद्धृत करावे हे मूळ लेखकास ठरविता येईल अशा बंधनासह.

भारतीयांचा या सेवेशी मोठ्या प्रमाणावर संबंध आला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ विधिज्ञ संजय हेगडे यांचे ट्विटरवरील खाते बंद करण्यात आले. त्यांच्या पानावर १९३६ सालचे जर्मनीतील हॅम्बर्ग येथील एक प्रसिद्ध छायाचित्र होते. जहाजबांधणीच्या कारखान्यातील सारा जमाव नाझी पद्धतीने हात उंचावून उभा आहे आणि एकच कामगार हाताची घडी घालून उभा आहे, असे ते चित्र. हुकूमशाहीस नकार देणारे हे चित्र कंपनीच्या यंत्रणेने द्वेषमूलक ठरविले. त्यातून उठलेल्या वादाच्या काळात भारतातील अनेक लेखक, पत्रकार व विद्यार्थी मास्टोडॉनकडे वळले. दुसरी लाट २०२२ ची. २७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर मास्टोडॉनचा मासिक वापर करणाऱ्यांची संख्या सुमारे तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेल्याचे चालकांनी जाहीर केले होते. पैकी पुष्कळजण पुढील काही महिन्यांत निघून गेले. रागाने घर सोडणारा मनुष्य ज्या घरी जातो, त्या घराची परीक्षा त्याने केलेली नसते.

म्हणून या सेवेच्या उणिवाही स्पष्टपणे सांगावयास हव्यात. येथे खासगी म्हणून पाठविलेला संदेश पाकिटबंद नसतो. तो पोस्टकार्डासारखा असतो. सर्व्हरचा व्यवस्थापक इच्छा झाल्यास तो वाचू शकतो. शिवाय अशा संदेशात तिऱ्हाईताचे नाव विशिष्ट खुणेसह लिहिले, तर तो संदेश त्या तिऱ्हाईतासही जातो. 'अमक्याला सांगू नका' असे लिहिताना त्या अमक्यालाच पत्र जावे, असा प्रकार घडतो. आपले लेखन पुसून टाकले तर पुसण्याची सूचना इतर सर्व्हरांना जाते खरी, पण प्रत्येकाने ती पाळलीच असेल अशी खात्री नाही. आणि सर्व्हर चालविणारा थकला, त्याचा निधी आटला किंवा मन बदलले तर सर्व्हर बंद होतो. मोझिला या नामांकित संस्थेने चालविलेला सर्व्हरदेखील १७ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाला. आधी सूचना मिळाल्यास खाते दुसऱ्या सर्व्हरवर हलविता येते. आपले वाचक बरोबर येतात, परंतु जुने लेखन मागेच राहते. मराठी मंडळी तेथे विरळ आहेत, हीही एक मोठी उणीव गणावी लागेल. कारण माध्यम कितीही सचोटीचे असले तरी ज्याच्याशी बोलावयाचे तो तेथे नसेल, तर शिक्षकाचा त्यात काय लाभ?

बाहेर पडण्याची वाट हा मुद्दा फारसे कोणी पाहत नाही, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिणे अगत्याचे आहे. ५ जुलै २०२३ रोजी मेटा कंपनीने थ्रेड्स ही सेवा सुरू केली. जे आधीच इन्स्टाग्रामवर होते त्यांना एका कळीसरशी आत जाता येत असे. त्यामुळे पाच दिवसांत दहा कोटी लोक दाखल झाले. इतके सुलभ प्रवेशद्वार क्वचितच पाहावयास मिळते. मात्र ज्यांना थ्रेड्सवरील नाव काढून टाकावयाचे होते, त्यांना प्रारंभीचे काही महिने आपले संपूर्ण इन्स्टाग्राम खाते पुसल्यावाचून ते करता येत नव्हते. टीका झाल्यावर कंपनीने त्याच वर्षी ही अट काढली. शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते. मुलाचे नाव घालण्याची जशी रीत ठरलेली असते, तशी ते काढण्याचीही असते. नव्या सेवेचे प्रवेशपत्र भरण्यापूर्वी तिचे खारीज-पान कोठे आहे, ते शोधून पाहावे. सापडले नाही तर प्रवेशाची घाई करू नये.

खर्च कोण सोसतो, या प्रश्नाचे उत्तर त्या मानाने सोपे आहे. मास्टोडॉन देणग्यांवर चालते. मोठ्या खासगी सेवा मुख्यतः जाहिरातींवर चालतात. आणि जाहिरातदार ज्यासाठी पैसे मोजतो, ती वस्तू म्हणजे वापरणाऱ्याचे लक्ष व त्याच्या आवडीनिवडीची नोंद. देणगीवरील सेवा दुबळी पडू शकते, जाहिरातीवरील सेवा आपली नीती बदलू शकते. दोहोंतील धोका निराळा आहे, इतकेच.

आता शिक्षकाच्या स्वतःच्या स्थानाविषयी. जिल्हा परिषदेचा शिक्षक हा समाजमाध्यमावर नागरिकही असतो आणि कर्मचारीही. राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये आपल्या व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी यासंबंधी सूचना काढल्या असून वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगवेगळी ठेवावीत, असे त्यांत सांगितले आहे. नव्या सेवेची नुसती ओळख करून घ्यावयाची असेल, तर ती शाळेच्या नावाने कदापि करू नये. स्वतःच्या नावाने खाते उघडावे, पंधरा दिवस केवळ वाचावे, काही लिहू नये. नव्या गावी बदली होऊन आलेला समंजस शिक्षक पहिल्या पंधरवड्यात पारावर बसून ऐकतो अधिक व बोलतो कमी. तोच क्रम येथे चालेल.

मुलांच्या छायाचित्रांचा प्रश्न मात्र याहून पुष्कळ गंभीर आहे, व त्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. हल्ली वृक्षारोपण असो, गणवेशवाटप असो किंवा बालआनंद मेळावा असो, सायंकाळपर्यंत त्याची छायाचित्रे कोठे ना कोठे चढविली जातात. उपक्रम झाला याचा पुरावा म्हणून वरिष्ठांकडूनही ती मागितली जातात, हे मान्य करावयास हवे. परंतु केंद्रप्रमुखांकडे पाठविलेले छायाचित्र व साऱ्या जगापुढे मांडलेले छायाचित्र यांत फार अंतर आहे. अशी कल्पना करावी की, नवऱ्याच्या छळास कंटाळून एक स्त्री आपल्या दुसरीतल्या मुलीस घेऊन माहेरच्या नात्यातील दूरच्या गावी राहिली आहे. आपला पत्ता कळू नये म्हणून ती जपत आहे. शाळेने मुलीचे नाव घातले, पुस्तक दिले, तिला पहिल्या रांगेत उभे केले. आणि मागे फलकावर शाळेचे, गावाचे व तालुक्याचे नाव असलेले ते छायाचित्र त्याच रात्री सर्वत्र गेले. येथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता. तरी त्या आईची सारी काळजी एका कळीने व्यर्थ गेली. ऊसतोड कामगारांची मुले, वसतिगृहातील मुले, न्यायालयात ज्यांच्या ताब्याचा वाद चालू आहे अशी मुले, ही प्रत्येक केंद्रात थोडीफार असतातच. आणि त्यांपैकी कोणाच्या घरी काय चालले आहे, हे वर्गशिक्षकास नेहमीच ठाऊक असते असे नाही.

कायद्यानेही या बाबतीत दिशा दाखविली आहे. २०२३ साली संसदेने केलेल्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक मानले असून, बालकाच्या माहितीचा वापर करण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यावी असे तत्त्व घातले आहे. मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखविण्यासही त्यात मनाई आहे. ऑस्ट्रेलियाने तर १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवू देऊ नये असा कायदा केला व १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आणला. तो उपाय कितपत यशस्वी होईल याविषयी तेथेही मतभेद आहेत.

तोपर्यंत शाळेपुरता सोपा मार्ग आहे. मुलांऐवजी त्यांच्या कामाचे छायाचित्र घ्यावे. मातीचा किल्ला, भिंतीवरचे हस्तलिखित, परसबागेतील मेथीचा वाफा, मुलाने सोडविलेल्या उदाहरणाची पाटी, यांतून उपक्रम अधिक चांगला दिसतो. रांगेत ताठ उभ्या केलेल्या मुलांवरून काहीच दिसत नाही. मुले घ्यावयाचीच झाली तर पाठमोरी घ्यावीत, नाव लिहू नये, फलक चौकटीत येऊ देऊ नये. पालकसभेत हा विषय मोकळेपणाने मांडून लेखी संमती घ्यावी, आणि ज्या पालकाने नकार दिला त्यास कारण विचारू नये. मास्टोडॉनवर चित्रासोबत त्याचे शब्दांत वर्णन लिहिण्याचा प्रघात लोकांनी आपणहून जोपासला आहे. अंध वाचकांचे यंत्र ते वर्णन वाचून दाखविते. हा प्रघात कोणत्याही सेवेवर पाळता येतो, आणि सातवीच्या मुलांना वर्णनलेखनाचा सराव म्हणूनही तो उत्तम आहे.

या विषयाचा पाठ सहावी-सातवीत भ्रमणध्वनी किंवा जाल यांच्यावाचून घेता येतो. वर्गाचे चार गट पाडून प्रत्येकास एक 'डाकघर' समजावे. प्रत्येक गटाने आपला डाकपाल निवडावा व आपले तीन नियम कागदावर लिहून भिंतीस लावावेत. प्रत्येक मुलाने स्वतःच्या नावाऐवजी एखाद्या झाडाचे किंवा पक्ष्याचे नाव घ्यावे आणि वहीच्या पानाच्या पट्टीवर दोन-तीन वाक्यांचा संदेश लिहावा. पहिल्या फेरीत डाकपालांनी संदेश आले त्या क्रमाने वाचून दाखवावेत. दुसऱ्या फेरीत शिक्षकाने सर्व पट्ट्या आपल्याकडे घेऊन ज्यांवर मुले अधिक हसतील किंवा चिडतील अशाच पाच निवडून वाचाव्यात, बाकीच्या खिशात घालाव्यात. मग विचारावे : कोणाचा संदेश वाचला गेला नाही? का? पट्ट्या कोणी निवडल्या, आणि निवडणाऱ्यास काय हवे होते? मुले या प्रश्नांची उत्तरे फार नेमकी देतात. उत्तर सांगण्याची घाई शिक्षकाने करू नये. ज्यांच्या पट्ट्या खिशातच राहिल्या, त्यांच्या तक्रारी फळ्यावर जशाच्या तशा लिहून घ्याव्यात.

तिसरी फेरी दुसऱ्या दिवशीच्या तासिकेस घ्यावी. एका मुलाने एक संदेश लिहावा व तो चारही डाकघरांतून फिरवावा; ज्यास आवडेल त्याने तो आपल्या वहीत उतरून घ्यावा. नंतर लिहिणाऱ्याने जाहीर करावे की, 'माझा संदेश मला परत हवा.' मूळ पट्टी लगेच हाती येईल. उतरून घेतलेल्या प्रती किती, कोणाकोणाच्या वह्यांत, आणि घरी राहिलेल्या वहीत एखादी आहे काय, हे शोधण्यास उरलेली तासिका द्यावी.